कान मराठीच ठेव

अगं, तू पाठवलेली व्हिडिओंची यादी पाहिली. त्यातले निम्मे ‘तीस दिवसांत फाडफाड इटालियन’ छापाचे आहेत, ते आधी काढून टाक. ते बघून शिकल्यासारखं वाटतं, तोंडातून मात्र एक वाक्य धड निघत नाही. उरलेल्या यादीतलेही चारच ठेव. सांगते कोणते.

क्लास लाव असं मी म्हणणार नाही. पुण्यातल्या क्लासची फी ऐकून आईला घाम फुटलाय, हे तिने मला फोनवर सांगितलंय. आणि खरं म्हणजे सुरुवातीची इटालियन फुकटच्या व्हिडिओंवर उत्तम शिकता येते. तुझा अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे, त्यामुळे वर्गात तुझं काही अडायचं नाही. अडेल ते पोस्टात, बाजारात आणि घरमालकिणीसमोर. इथे इटलीत उतरल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे पेरमेस्सो दी सोज्जोर्नोचा, अर्ज पोस्टातून टाकायचा असतो. त्यावर सोळा युरोंचं सरकारी तिकीट चिकटवायचं, मग दिलेल्या तारखेला पोलिसांच्या कचेरीत बोटांचे ठसे द्यायला जायचं. खिडकीपलीकडचा माणूस इंग्रजी बोलेलच असं नाही, आणि बोलला तरी तुझ्याकडून चार शब्द इटालियन ऐकले की त्याचा नूर बदलतो.

तर आता ऐक. हे व्हिडिओवाले तुला सांगणार नाहीत, कारण त्यांना मराठी येत नाही. फुकट मिळणारे बहुतेक धडे इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेले असतात. इंग्रज किंवा अमेरिकन माणसाला जिथे ठेच लागते तिथे ते थांबतात, समजावतात, पुन्हा समजावतात. जिथे त्याला सोपं जातं तिथे भुर्रकन पुढे. तुझं नेमकं उलट आहे. त्यांच्या लांबलचक अडचणी तुझ्या नाहीतच, आणि तुझी खरी अडचण ते दोन वाक्यांत गुंडाळतात. म्हणून व्हिडिओ इंग्रजीतला असला तरी कान मराठीच ठेव.

उच्चारांचंच बघ. तिथली मास्तरीण डोळे विस्फारून सांगेल, जीभ दातांना लावा, तोंडातून हवा सोडू नका, ‘तोरीनो’ म्हणा. अगं, तो आपला ‘तळ्या’तला त! इंग्रजी माणसाला तो जमवायला कष्ट पडतात, तू जन्मापासून म्हणतेयस. क, प, द, सगळे तसेच. पित्सातला त्स म्हणजे आपल्या ‘चमच्या’तला च, जरा दाबून. इटालियनमध्ये च आणि ज दोन दोन तऱ्हांचे आहेत आणि मराठीतही ‘चमचा’तला वेगळा, ‘चिमणी’तला वेगळा, ‘जहाजा’तला वेगळा, ‘जिभे’तला वेगळा. हिंदीवाल्या मैत्रिणीला हे समजावून सांगावं लागेल, तुला नाही.

जोड व्यंजनांवर तर त्यांचे अख्खे व्हिडिओ असतात. ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘पाला’ म्हणजे फावडं, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. कला आणि कल्ला यांतला फरक ज्या कानाला कळतो त्याला यात कसली अडचण? एकच लक्षात ठेव, जोड नसेल तेव्हा आधीचा स्वर ते चांगला लांबवतात, नोऽनो. तेवढं लांबवलंस की झालं.

व्याकरणात तर आपली चंगळ आहे. ‘मी पिआचे इल काफ्फे’ म्हणजे मला कॉफी आवडते. इंग्रजी बोलणाऱ्याला इथे घाम फुटतो, कारण त्याच्याकडे आवडणारा माणूस कर्ता असतो. आपल्याकडे ‘मला’ असतं आणि इथेही ‘मी’चा अर्थ ‘मला’च. पुस्तकं अनेक असली की ‘मी पिआच्चोनो ई लीब्री’, मला पुस्तकं आवडतात. आवडते, आवडतात. झालं की. मी गेले म्हणायचं तर तू ‘सोनो आंदाता’ म्हणशील, दादा ‘सोनो आंदातो’ म्हणेल. गेले आणि गेलो. बोलणारी बाई की पुरुष हे क्रियापदातच कळतं.

आणि सगळ्यात गंमत खाण्याची. समज, सफरचंदाबद्दल कुणी विचारलं. सफरचंद, मेला, इटालियनमध्ये स्त्रीलिंगी. ‘लॉ मांजाता’, मी ती खाल्ली. आइस्क्रीम, जेलातो, पुल्लिंगी. ‘लॉ मांजातो’, मी तो खाल्ला. खाणारी तूच, पण क्रियापद जुळतं खाल्लेल्या वस्तूशी. पोळी खाल्ली, लाडू खाल्ला. अगदी तेच गणित. मात्र ते ‘ती’, ‘तो’ हे सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं तरच हे जुळवायचं. वस्तूचं नाव घेऊन पुढे सांगितलंस तर क्रियापद ‘मांजातो’वरच राहतं, मग सफरचंद असो की आइस्क्रीम. हा नियम इंग्रजीतून समजावणाऱ्या एका बाईंचा व्हिडिओ मी पाहिला, बाणांच्या आकृत्या काढून बिचाऱ्या थकल्या होत्या. तू तो व्हिडिओ बघूच नकोस. मराठीत विचार कर आणि पुढे जा.

आता तुझी खरी अडचण. आपल्याकडे उपपद नावाची चीज नाही. इंग्रजीवाल्यांकडे आहे, म्हणून त्यांचे मास्तर ते झटकन उरकतात. इटालियनमध्ये पुल्लिंगी एकवचनाला इल, पण स् आणि लगेच व्यंजन असलेल्या शब्दाला किंवा त्स, द्झ, प्स उच्चाराच्या शब्दाला लो. इल लीब्रो, पण लो स्तुदेन्ते, लो प्सिकोलोगो. अनेकवचनाला ई किंवा ल्यी. स्त्रीलिंगीला ला आणि ले. नवीन नाम कानावर पडलं की ते एकटं पाठ करायचंच नाही, उपपदासकट घ्यायचं. वहीत ‘मेला’ लिहू नकोस, ‘ला मेला’ लिही. ही सवय पहिल्या आठवड्यात लागली तर लागली, नाहीतर मग जन्मभर अंदाजाने ठोकत बसशील.

दुसरं, आघात. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. ‘आन्कोरा’ शब्दात जोर पहिल्या अक्षरावर दिला तर तो नांगर, जहाजाचा. मधल्यावर दिला तर ‘अजून’. शिवाय आपला फ. तो ओठावर ओठ दाबून सोडतो आपण. इटालियन फ ला खालचा ओठ वरच्या दातांना लागायला हवा. व लाही तसंच. हे आरशासमोर कर, हसू आलं तरी कर.

आता ते चार व्हिडिओवाले. पायरी पायरीने शिकायचं तर सार्दिनियातल्या काल्यारीच्या ‘वन वर्ल्ड इतालियानो’चे धडे क्रमाने बघ, उड्या मारू नकोस. उच्चार आणि रोजचं बोलणं यासाठी ‘लर्न इटालियन विथ लुक्रेत्सिया’, रोमची शिक्षिका आहे, स्वच्छ बोलते. जरा कान तयार झाले की ‘पॉडकास्ट इतालियानो’, तिथे इटालियन इटालियनमधूनच समजावतात. आणि रस्त्यावरच्या माणसांना गाठून प्रश्न विचारणारं ‘ईझी इटालियन’. त्यात खाली दोन ओळी उमटतात, वर इटालियन आणि खाली इंग्रजी. त्या चित्रातच छापलेल्या असतात, बंद करता येत नाहीत. तेव्हा घरात पडलेली जुनी लग्नपत्रिका घे, लॅपटॉपच्या पडद्याच्या खालच्या कडेला अशी टेकव की इंग्रजी ओळ झाकली जाईल. डोळा आपोआप सोप्या ओळीकडे धावतो, त्याला वाटच ठेवायची नाही.

बघायचं कसं, तेही सांगते. तीन-चार मिनिटांचा तुकडा घे, जास्त नको. पहिल्यांदा नुसता ऐक. दुसऱ्यांदा इटालियन ओळ बघत ऐक. मग डावा बाण दाबत जा, पाच सेकंद मागे जातं, आणि गाण्याच्या शिकवणीत गुरूच्या मागोमाग तान घेतो तसं त्याच चालीवर मोठ्याने म्हण. वेग पाऊणपट कर सुरुवातीला, लाज कसली. शेवटी मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्ड करून ऐक. नकोसं वाटतं, ठाऊक आहे. पण व्हिडिओतली बाई तुला दुरुस्त करणार नाही, हे काम तुलाच करावं लागतं. यूट्यूबवर आपोआप उमटणाऱ्या अक्षरांवर मात्र आंधळा विश्वास नको, भलतेच शब्द छापतात.

मधे एक गोष्ट सांगते, कारण तुला वाटेल की पडद्यावरून भाषा शिकणं म्हणजे आपली गरिबाची सोय. अगं, इटलीतल्या माणसांनीच इटालियन पडद्यावरून शिकली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली बहुसंख्य माणसं घरी आपापली बोली बोलत, आणि लिहिता-वाचता न येणारेही पुष्कळ होते. 1960 मध्ये राई या सरकारी वाहिनीने आल्बेर्तो मांझी नावाच्या शाळामास्तरांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. कार्यक्रमाचं नाव ‘नॉन ए माई त्रोप्पो तार्दी’, म्हणजे उशीर असा कधी होतच नाही. 1968 पर्यंत तो चालला. मांझी मोठ्या कागदावर कोळशाने चित्र काढायला लागत आणि हे काय होणार आहे या उत्सुकतेने बघणारा शेवटपर्यंत खिळून राही. मग त्या चित्रातून अक्षर, अक्षरातून शब्द. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते सामूहिक ठिकाणी जमून बघत. लाखो प्रौढ माणसं त्यातून लिहाय-वाचायला शिकली. त्याचे जुने तुकडे अजून सापडतात. एखादा बघच. माणूस इतकं संथ आणि स्पष्ट बोलतो की नवशिक्याला त्याहून चांगला श्रवणाचा धडा नाही. राईचं स्वतःचं राईप्ले फुकट आहे, पण त्यातलं बरंच काही इटलीबाहेर उघडत नाही. ते इथे आल्यावर. आणि हो, मोंताल्बानोने सुरुवात करू नकोस, कितीही कुणी सुचवलं तरी. सिसिलीची फोडणी आहे त्या भाषेला, तुझी दमछाक होईल. मालिकाच हवी तर ‘उन पोस्तो आल सोले’, नेपल्समधली, 1996 पासून चालू आहे आणि रोजच्या संसाराच्या गप्पा. आपल्या आत्यांना आवडेल अशी.

एक धोका मात्र व्हिडिओत ठासून भरलेला आहे. ही सगळी तरुण मंडळी बघणाऱ्याशी मैत्रिणीसारखी बोलतात, सगळं ‘तू’. तुझ्या कानात तेच बसेल. पण दुकानदार, डॉक्टर, पोलिस कचेरीतला अधिकारी, घरमालकीण, यांना ‘लेई’ म्हणायचं, आपलं तुम्ही. लक्ष वेधायला मैत्रिणीला ‘स्कूझा’, त्यांना ‘स्कूझी’. आपल्याकडे कुणी शिपाईकाकांना अरे-तुरे केलं तर कसं वाटेल? तसंच. परक्या माणसाला माफ असतं म्हणा, पण तू दोन वर्षं राहणार आहेस. आतापासून प्रत्येक वाक्य दोनदा म्हण, एकदा तूने, एकदा लेईने.

बाजाराचंही सांगून ठेवते. इथे तोरीनोत पोर्ता पालात्सोला भाजीबाजार भरतो, प्रचंड. ऑलिव्ह घ्यायला उभी राहिलीस की ग्रॅम-बिग्रॅम कुणी बोलत नाही. ‘उन एत्तो’ म्हणायचं, म्हणजे शंभर ग्रॅम. ‘दुए एत्ती’ म्हणजे दोनशे. विकणारा घालून झालं की मान वर न करता विचारतो, ‘आल्त्रो?’ आणखी काही? तिथे तू मुक्याने मान हलवलीस तर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असेल. ‘बास्ता कोझी, ग्रात्सिए’ एवढं तयार ठेव. तो वाक्याच्या शेवटी ‘ने’ असं काहीतरी लावेल, घाबरू नकोस. पिएमोन्ते भागातल्या लोकांची ती लकब, आपल्या ‘नै का’सारखी. कुठल्याच धड्यात मला ती भेटली नाही.

प्रमाणपत्राचा विचार आत्ता करू नकोस. पुढे सिएना नाहीतर पेरुज्याच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाची परीक्षा देता येईल. लांब मुदतीच्या परवान्याला ए-दोनची पातळी लागते, ती वेळ अजून यायचीय. इथल्या बहुतेक विद्यापीठांत भाषा केंद्र असतं, शिकणाऱ्यांना इटालियनचे वर्ग देतं, आल्या आल्या चौकशी कर. आणि इंग्रजी सुधारायला टपलेली इटालियन पोरं तिथेच भेटतील. अर्धा तास तुझी भाषा, अर्धा तास त्यांची.

तोवर दर रविवारी मला आवाजी निरोप पाठवायचा. इटालियनमध्ये. दोन मिनिटं पुरे. विषय सोपा, त्या दिवशी काय काय खाल्लंस. लाडू आणि पोळीचं लिंग चुकलं तर मी तो निरोप दादाला ऐकवणार, आत्ताच सांगून ठेवते.