रहस्यमालिकेचे आस्वादन : ‘समांतर’मधील काळ

रहस्यकथा म्हटली की ‘खून कोणी केला?’ हा प्रश्न प्रथम मनात येतो. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांनी अशाच प्रश्नांपायी रात्री जागवल्या. ‘समांतर’ ही मालिका पाहताना मात्र तो बाजूला ठेवावा लागतो. पुण्याचे कादंबरीकार सुहास शिरवळकर यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर ती आधारलेली आहे. तिचे पहिले पर्व २०२० मध्ये सतीश राजवाडे यांच्या, तर दुसरे २०२१ मध्ये समीर विद्वांस यांच्या दिग्दर्शनाखाली एमएक्स प्लेअरवर आले.

कुमार महाजन (स्वप्नील जोशी) हा अपयशांनी गांजलेला मनुष्य. एक स्वामी त्याचा हात पाहतात आणि भविष्य सांगण्यास नकार देतात. नेमक्या याच रेषा त्यांनी पूर्वी दुसऱ्या हातावर पाहिलेल्या असतात. तो हात सुदर्शन चक्रपाणीचा (नितीश भारद्वाज). त्याने जे भोगून संपवले, तेच कुमारच्या वाट्याला यायचे आहे. पहिले पर्व प्रामुख्याने चक्रपाणीच्या शोधाचे आहे आणि ते काहीसे रेंगाळते, हे मान्य केले पाहिजे.

मालिकेची खरी गुंतागुंत रोजनिशीत आहे. चक्रपाणीची रोजनिशी कुमारच्या हाती येते. रोज एकच पान वाचायचे, अशी अट असते. रोजनिशीत घडून गेलेले येते, म्हणजे तिची स्वाभाविक क्रियापदे भूतकाळी. कुमारला मात्र तिचा अर्थ भविष्यकाळी लावावा लागतो. ‘ती भेटली’ ही लिहिणाऱ्याच्या लेखी आठवण, तर वाचणाऱ्याच्या लेखी उद्याची वर्दी.

हे अवघड वाटल्यास स्वतःचेच बोलणे ऐका. दारातून कोणी हाक मारली की आपण जागचे न हलता ‘आलोच’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, क्रिया अजून व्हायची. जे नक्की होणार, ते मराठी भाषक झालेलेच मानतो. अर्थात ‘आलोच’ म्हणून अर्धा तास न येणारेही पुष्कळ! कुमारची सारी धडपड त्याच फटीत आहे. पानावर ‘भेटली’ असेल, तर न भेटण्याची मुभा त्याला उरते काय?

नोकरी, घर सांभाळून शिकणाऱ्या तुम्हांला रविवारी एका बैठकीत सर्व भाग संपवण्याचा मोह होईल. तसे करू नका. एका पानाची अट स्वतःलाही लावून घ्या: रोज एकच भाग पाहा आणि पुढे काय घडेल, ते दोन ओळींत लिहून ठेवा.

स्वयंअध्ययन : रूप भूतकाळाचे पण अर्थ भविष्याचा, अशी पाच वाक्ये घरातील बोलण्यातून टिपा. त्यांपैकी कोणती खरी ठरली नाहीत?