रेकॉर्ड प्लेयरची सुई : निवड आणि बदल

जुन्या तबकड्या व जुने प्लेयर यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर हा माल पूर्वीपासून विकला जातो. या धंद्यात सर्वांत लहान पण सर्वांत जोखमीची वस्तू म्हणजे सुई. प्लेयरची मोटर बिघडली तर दुरुस्त होते, पट्टा तुटला तर नवा घालता येतो. परंतु चुकीच्या किंवा झिजलेल्या सुईने तबकडीचा चर एकदा खरवडला की तो कोणत्याही उपायाने भरून येत नाही. म्हणून दुकानदाराने व कारागिराने या विषयाची नीट माहिती करून घेणे आवश्यक आहे.

प्रथम तबकडी ओळखा

तबकड्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या जड व ठिसूळ असून पडल्या की फुटतात. त्यांचा चर रुंद असतो. एलपी तबकड्या १९४८ साली अमेरिकेत बाजारात आल्या. त्या व्हिनाइलच्या, मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या व बारीक चराच्या असतात. ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्यांचा चरही तसाच बारीक असतो.

७८ च्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन, तर एलपीच्या साध्या गोल सुईची सुमारे १८ ते २५ मायक्रॉन असते. म्हणजे तिपटी-चौपटीचा फरक झाला. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती चराच्या तळाशी घासते, खरखर फार येते आणि सुईही खराब होते. ७८ ची सुई एलपीवर लावली तर ती चरात बसतच नाही, वरचे काठ घासते. म्हणून दोन्ही प्रकार ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन सुया लागतात. जुन्या अनेक सिरॅमिक पिकअपमध्ये एकाच पात्याला दोन टोके असतात व खटका फिरवून हवे ते टोक खाली घेता येते. दुरुस्तीस आलेल्या यंत्राचा खटका योग्य बाजूला आहे ना, हे आधी पाहावे. पुष्कळदा दोष तेवढाच असतो.

भोंग्याचा ग्रामोफोन

चावीच्या ग्रामोफोनला पोलादी सुई लागते. ती एका बाजूला एकच वापरायची आणि मग टाकून द्यायची. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. त्या पुडीने सुईचे टोक चराच्या आकाराप्रमाणे घासले जाते. तीच सुई पुन्हा लावली तर तिच्या धारदार कडा चर कापतात. या यंत्राच्या साउंड बॉक्सचा भार १०० ग्रॅमहून अधिक पडतो. त्यावर एलपी लावली तर ती एका वेळेतच खराब होते. शोभेसाठी ग्रामोफोन विकतानाही गिऱ्हाइकाला एवढे जरूर सांगावे.

सुईचा नंबर

सुई प्लेयरच्या नावावरून मागू नये, कार्ट्रिजच्या नंबरावरून मागावी. कार्ट्रिज भिंगाखाली धरून त्यावरील अक्षरे वाचावीत. नुसता रंग जुळला म्हणजे सुई जुळली असे नव्हे. ऑडिओ-टेक्निकाचे एटी-३६०० हे कार्ट्रिज अनेक स्वस्त प्लेयरमध्ये येते व त्याची सुई सहज मिळते. शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज व सुया बनविणे बंद केल्याचे जाहीर केले. त्यामुळे तिच्या मालाला जपानच्या जिको कंपनीसारख्यांची पर्यायी सुई घ्यावी लागते. पर्यायी माल पर्यायी म्हणूनच विकावा.

नीलमण्याची सुई स्वस्त पण लवकर झिजते, तिचे आयुष्य काही दहा तासांचेच असते. हिऱ्याची साधी सुई ५०० तास तरी चालते. एक एलपी दोन्ही बाजू मिळून सुमारे ४० मिनिटांची, म्हणजे ५०० तासांत ७५० एलपी. रोज एक एलपी ऐकणाऱ्याला ती दोन वर्षे पुरते. पण दुकानात रोज आठ तास वाजणारी सुई दोन महिन्यांतच तेवढी झिजते. दुकानातील सुई बदलण्यात कंजुषी करणारा रोज आपलाच माल घासत असतो.

झीज कशी ओळखावी

‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येणे, तबकडीच्या आतल्या भागात आवाज चिरकणे, सुई वारंवार उडणे, ही झिजेची लक्षणे आहेत. मात्र आधी मऊ ब्रशने सुई मागून पुढे साफ करावी, कारण धुळीनेही असेच होते. घड्याळजीच्या भिंगातून वाकलेली दांडी वा तुटलेले टोक दिसते. झिजेचे चकचकीत सपाट ठिपके पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागतो.

बदलण्याची रीत

१. वीज बंद करावी व आर्म अडकवून ठेवावा.
२. सुईची दांडी न धरता प्लास्टिकचा भाग धरावा. एटी-३६०० ची सुई पुढे व खाली ओढली की निघते. नवी सुई त्याच मार्गाने टक् आवाज होईपर्यंत बसवावी.
३. पूर्ण कार्ट्रिज बदलायचे असल्यास तारा अशा लावाव्यात : पांढरी व निळी डावीकडच्या आवाजाची, लाल व हिरवी उजवीकडच्या आवाजाची. पांढरी व लाल या अधिक, निळी व हिरवी या उणे. कार्ट्रिजच्या पिनेवर डाग देऊ नये, उष्णतेने आतील तार जाते.
४. लहान काट्यावर भार तपासावा. एटी-३६०० ला साधारण साडेतीन ग्रॅम, सिरॅमिकला बहुधा पाच ग्रॅमच्या आसपास लागतो. भार कमी ठेवला की तबकडी वाचते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई उडते व चराच्या भिंतींवर आदळते.

पावतीवर कार्ट्रिजचा नंबर, सुईचा प्रकार व तारीख लिहून द्यावी आणि काढलेली जुनी सुई गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. वापरलेली सुई पुसून नवी म्हणून विकली तर दोन पैसे सुटतील, पण गिऱ्हाइकाने वडिलांपासून जपलेली कव्वालीची तबकडी तिच्यामुळे कायमची जाईल. ती भरून देणे कोणत्याही दुकानदाराला शक्य नाही.