पहाटेची भिक्षा

आपल्या देशाच्या पूर्वेला म्यानमार आहे. जुनी माणसे त्याला ब्रह्मदेश म्हणत. त्याच्या पलीकडे लाओस. त्या देशाला समुद्र नाही. डोंगर मात्र पुष्कळ.

लाओसच्या उत्तरेला लुआंग प्रबांग नावाचे जुने शहर आहे. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या बेचक्यात ते वसले आहे. सन १३५३ मध्ये इथे लान झांग राज्याची राजधानी झाली. लान झांग म्हणजे दहा लाख हत्ती. ते मोजले कोणी, कोण जाणे!

या गावात तीसहून जास्त बुद्धविहार आहेत. मी पहाटे उठून रस्त्यावर गेलो. भगवी चीवरे घातलेले भिक्खू अनवाणी चालत आले. पुढे वडीलधारे, मागे लहान मुले. खेड्यांतली गरीब मुले शिकायला विहारात राहतात, त्यांतलीच ही. रस्त्याच्या कडेला बाया गुडघे टेकून बसल्या होत्या. प्रत्येकीजवळ बांबूची टोपली, टोपलीत वाफेवर शिजवलेला चिकट भात. त्याची चिमूट त्या प्रत्येकाच्या पात्रात टाकीत. कोणी बोलत नाही. भिक्खू आभारही मानीत नाहीत. पुण्य देणाऱ्याला लाभते, मग आभार कशाचे? तिकडे या पात्राला ‘बात’ म्हणतात. शब्द आपलाच, पात्र!

पण बायांपेक्षा परदेशी पाहुणेच जास्त दिसले. सन १९९५ मध्ये हे गाव जागतिक वारसा ठरले. मग पाठीवर पिशव्या टाकून देशोदेशीचे तरुण येऊ लागले. सन २०२१ मध्ये आगगाडी आली, गर्दी आणखी वाढली. काही जण भिक्खूंच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात. लांब उभे राहा, गप्प राहा, अशा पाट्या लावल्या आहेत. त्या वाचतो कोण?

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. वारशामुळे जुनी घरे पाडता येत नाहीत. पण भाड्याने देता येतात. पाहुण्यांच्या खोल्यांना पैसा चांगला मिळतो. म्हणून कित्येक कुटुंबे घर भाड्याने देऊन गावाबाहेर राहायला गेली. त्यांना दोष कसा द्यावा? पोरांचे शिक्षण, दवाखाना त्यातूनच होतो. पण विहाराशेजारी घरवालीच राहिली नाही, तर पहाटे भात शिजवणार कोण?

रांगेच्या शेवटी काही गरीब पोरे टोपल्या घेऊन बसली होती. लहान भिक्खूंनी आपल्या पात्रातला थोडा थोडा भात त्यांच्या टोपल्यांत टाकला, आणि ते विहाराकडे वळले.