शाल-श्रीफळ आणि एक पोस्टकार्ड



मुंबईहून नाशिककडे जाणारी आगगाडी कसाऱ्यापर्यंत सपाटून धावते. तेथे पुष्कळ गाड्यांना मागून जोर लावण्यासाठी जादा एंजिने जोडतात. मग थळ घाट चढून गाडी इगतपुरीला येते, आणि त्यापुढचे स्टेशन म्हणजे घोटी. भोवती भाताची खाचरे, गावात भाताच्या गिरण्या, आणि दक्षिणेकडे सह्याद्रीची ती उंच रांग, जिच्यात महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई उभे आहे. त्याची उंची १६४६ मीटर.

समजा, तुम्ही घोटीच्या एका शाळेत नववीत शिकत आहात. वर्गाची सहल कळसूबाईला गेली. भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी गाव गाठले, तेथून चढून तुम्ही माथ्यावर पोहोचलात, आणि बरोबर नेलेल्या स्टोव्हवर पातेल्यात भात टाकला. तांदूळ घरचाच, पातेलेही घरचेच. पण घरी जेवढ्या वेळात भात होतो तेवढ्या वेळात तो झाला नाही. शिते बोटाने दाबून पाहिली, तर मध्ये कणी राहिलेली! कोणी म्हणाले, "वारा फार आहे." कोणी म्हणाले, "तांदूळ जुना असेल." कोणी स्टोव्हला दोष दिला. एका मुलीने मात्र विचारले, "पाणी तर चांगले खळखळ उकळते आहे. मग भात का शिजत नाही?"

प्रश्न अगदी साधा, पण मोलाचा आहे. याचे उत्तर कोणाला विचारावे?

पोस्टकार्डावरचा प्रश्न

डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी विश्वरचनेवर संशोधन केले. १९७२ साली ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. पुढे १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक.

त्यांचे व्याख्यान संपले की मुले वह्या घेऊन सहीसाठी गर्दी करीत. नारळीकर वहीवर सही देत नसत. ते सांगत, "मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेलच." आणि खरोखरच उत्तरे येत. हाताने लिहिलेली उत्तरे, खाली सही.

या छोट्या युक्तीत केवढा विचार आहे, पाहा. सही मागायला काही विचार करावा लागत नाही. प्रश्न लिहायचा तर तो आधी मनात नीट मांडावा लागतो. कार्डावर जागा थोडी, म्हणून तो नेमका करावा लागतो. म्हणजे उत्तर येण्यापूर्वीच मुलाचे अर्धे शिक्षण झालेले असते!

हे काम त्यांच्या नोकरीचा भाग नव्हते. संशोधन करणाऱ्या माणसाचा वेळ किती मोलाचा असतो, हे तुम्ही जाणता. तो वेळ ते अनोळखी मुलांना देत राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आता त्यांना पोस्टकार्ड पाठवता येणार नाही. पण प्रश्न लिहिण्याची ती रीत आपली आपण चालू ठेवू शकतो. चला, कळसूबाईवरचा प्रश्नच घेऊ.

भात का शिजला नाही?

पाणी उकळते म्हणजे काय होते? पाण्याच्या आतच वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि वर येऊन फुटतात. पाण्यावर हवेचा दाब असतो. तो दाब या बुडबुड्यांना चेपून टाकू पाहतो. वाफेचा दाब हवेच्या दाबाइतका झाला की बुडबुडे टिकतात आणि पाणी उकळू लागते. समुद्रकाठी हे १०० अंश सेल्सिअसला घडते.

आता वर चढा. तुमच्या डोक्यावरची हवा कमी झाली, म्हणून तिचा दाबही कमी झाला. इगतपुरी-घोटीचा पट्टा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ९३ टक्के असतो. कळसूबाईच्या माथ्यावर तो सुमारे ८२ टक्के भरतो. दाब कमी, म्हणून बुडबुडे लवकर टिकतात. साधारण हिशेब असा, की दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. म्हणजे घोटीत पाणी सुमारे ९८ अंशांना उकळेल, आणि कळसूबाईवर ९४-९५ अंशांनाच.

आणि एकदा पाणी उकळू लागले, की आच कितीही वाढवा, त्याचे तापमान वाढत नाही. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून माथ्यावर पाणी खळखळत असले तरी ते घरच्यापेक्षा तीन-चार अंशांनी थंडच असते. भात शिजतो तो तापमानाने, खळखळाटाने नव्हे. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते. तेथे वाफ कोंडून दाब सुमारे दुप्पट होतो, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि भात झटकन होतो.

मग वाऱ्याला दोष देणारा मुलगा चुकला का? तसे लगेच म्हणू नका. वाऱ्याने स्टोव्हची आच विस्कटते आणि पाणी उकळायला उशीर लागतो. पण पाणी उकळू लागल्यानंतर भाताला किती वेळ लागला, तेवढाच वेळ मोजला, तर वाऱ्याचा प्रश्न पुष्कळसा बाजूला पडतो. कारणे अशी एकेक वेगळी काढणे, हीच शास्त्रज्ञाची पद्धत.

मेणबत्तीपासून सुरुवात

मुलांना वेळ देणाऱ्या शास्त्रज्ञांची परंपरा जुनी आहे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. लंडनमध्ये तो पुस्तके बांधण्याचे काम शिकत होता. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने ती व्याख्याने लिहून घेतली, त्यांची वही बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. पुढच्याच वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हीचा मदतनीस झाला. पुढे तो स्वतः थोर शास्त्रज्ञ झाला, पण तिकिटाचे ते ऋण विसरला नाही. नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा तेथे १८२५ साली सुरू झाली. फॅरडेने अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. एका साध्या मेणबत्तीवर त्याने दिलेली व्याख्याने तर जगभर वाचली गेली. ऐकणारा मुलगाच पुढे सांगणारा झाला!

महापालिकेच्या शाळेत शास्त्रज्ञ

आपल्याकडेही असे घडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांमधून विज्ञान कसे शिकवले जाते, याकडे लक्ष देऊ लागले. या प्रयत्नांतूनच १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी हे त्याचे प्रमुख. केंद्राचे काम सुरू झाले तेही नाना चौकातील महापालिकेच्या एका शाळेत. पुढे जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातील ग्रामीण शाळांमध्येही या मंडळींनी काम केले.

या कामातून त्यांना एक महत्त्वाची गोष्ट उमगली. गरीब घरांतील, ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शिकलेले नाही अशी मुले विज्ञानात मागे पडतात, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. पुस्तकाची भाषाच त्यांच्या आड येते! मग त्यांनी पाठ्यपुस्तकातील मजकूर सोप्या भाषेत पुन्हा लिहिला आणि तो मुलांना देऊन पाहिला. मुलांना विषय अधिक चांगला समजला.

हे नीट कळावे म्हणून मी दोन वाक्ये बनवली आहेत. पहिले: "द्रवाच्या पृष्ठभागावरील दाब न्यून झाल्यास त्याचा उत्कलनांक अवनत होतो." दुसरे: "पाण्यावरचा हवेचा दाब कमी झाला, की पाणी कमी तापमानाला उकळते." दोन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात. पण पहिल्या वाक्यापाशी किती मुले अडतील, आणि "विज्ञान आपल्यासाठी नाही" असे समजून पुस्तक मिटतील? ज्या शास्त्रज्ञाने हे ओळखले, त्याने केवळ भाषणे दिली नाहीत, तर तो मुलांच्या बाकावर बसून पुस्तक वाचायला शिकला.

याच सुमारास मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा शाळांमध्ये एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी विज्ञान पाठ न करता हाताने करून शिकावे, असा तो प्रयोग. टाटा संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ व प्राध्यापक त्यासाठी खेड्यांत जाऊन शिक्षकांबरोबर राबले. १९७८ साली पुण्यातील एका कारखान्यातून रजा घेऊन अरविंद गुप्ता हे अभियंते तेथे पोहोचले. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती जोडण्याची खेळणी बनवली. अशा वस्तू घोटीच्या आठवडे बाजारातही मिळतील! पुढे आयुकाच्या आवारातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षे काम केले.

होशंगाबादचा हा कार्यक्रम वाढत जवळजवळ हजार शाळांपर्यंत पोहोचला. पण २००२ साली शासनाने तो बंद केला. तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबले. यातून एक धडा घ्यायचा. असे काम काही माणसांच्या उत्साहावर उभे राहते, पण टिकते ते गावाने आणि शाळेने ते आपले मानले तरच.

सन्मान कशाला म्हणायचे?

जगाने अशा कामाचा गौरव करण्याच्या रीती शोधल्या आहेत. ओरिसाचे बिजू पटनायक यांनी दिलेल्या देणगीतून युनेस्कोचा कलिंग पुरस्कार सुरू झाला. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांना तो दिला जातो. १९५२ साली पहिला पुरस्कार लुई द ब्रॉय्ली यांना मिळाला. १९९६ साली तो डॉ. नारळीकरांना आणि २००९ साली प्रा. यशपाल यांना मिळाला. मराठीतून विज्ञान पसरवण्यासाठी १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या कामातही अनेक शास्त्रज्ञांनी आपला वेळ वेचला आहे.

पण बहुतेकांची नावे कोठेही छापली जात नाहीत. सुटीच्या दिवशी एसटीने किंवा आगगाडीने एखाद्या गावी जायचे, पिशवीतून साहित्य न्यायचे, प्रयोग दाखवायचे आणि परत यायचे. संशोधन संस्थेत माणसाची बढती ठरते ती प्रामुख्याने त्याच्या शोधनिबंधांवर. घोटीच्या नववीच्या वर्गात घालवलेली दुपार त्या हिशेबात सहसा धरली जात नाही.

असा पाहुणा आपल्या शाळेत आला की आपण काय करतो? स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक आणि आभार. तासाभराच्या कार्यक्रमात पाहुण्याला वीस मिनिटे उरतात. आणि मुलांच्या प्रश्नांना? "वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत!" शाल-श्रीफळ देऊ नये, असे मी म्हणत नाही. पाहुण्याचा मान राखणे ही आपली चांगली रीत आहे. पण जो माणूस प्रश्न ऐकायला आला, त्याला प्रश्नच न देता परत पाठवणे, हा सन्मान कसा होईल?

२८ फेब्रुवारी हा दिवस आपण १९८७ सालापासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ मधील शोधाची ती आठवण. यंदा त्या दिवशी तुमच्या शाळेत कोणी शास्त्रज्ञ येणार असेल, तर तीन गोष्टी करा. आठ दिवस आधी प्रत्येकाने एका कार्डावर एक प्रश्न लिहावा. ज्यांची उत्तरे आपल्यालाच प्रयोगाने मिळतील, ते प्रश्न वेगळे काढून प्रयोग करावेत. जे उरतील ते पाहुण्यासमोर ठेवावेत, आणि कार्यक्रमाचा अर्धा वेळ त्यांना द्यावा. महिन्याभराने त्या पाहुण्याला पत्र लिहा: "आपण सांगितलेला प्रयोग आम्ही केला. आम्हांला हे दिसले, आणि आता हा नवा प्रश्न पडला आहे." शास्त्रज्ञाला यापेक्षा मोठा मानपत्राचा कागद मिळणार नाही.

करून पाहा

१. प्रयोगशाळेतील तापमापक आधी वितळत्या बर्फात धरा. तो शून्य दाखवतो का, ते पाहा. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली उकळत्या पाण्याचे तापमान मोजा. मुंबईतील एखाद्या शाळेला पत्र लिहून त्यांना हेच मोजायला सांगा आणि आकडे ताडून पाहा.

२. सुई नसलेल्या नव्या इंजेक्शनच्या पिचकारीत थोडे गरम पाणी घ्या (उकळते नको, हाताला चटका बसेल). आतली हवा बाहेर काढा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. पाण्यात बुडबुडे दिसतील. विस्तव नसताना पाणी कसे उकळले?

विचार करा

१. कळसूबाईवर बटाटे उकडायचे असतील, तर पातेल्यावर जड झाकण ठेवल्याने काही फायदा होईल का? का?

२. वरच्या पिचकारीत थंड पाणी घेतले तर काय दिसेल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.

३. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील एक अवघड वाक्य निवडा. अर्थ न बदलता ते असे लिहा, की तुमच्या धाकट्या भावंडाला समजेल. ते त्याला वाचून दाखवा आणि त्याच्याकडून त्याच्या शब्दांत परत सांगवून घ्या. हे जमले, की विज्ञान दुसऱ्यापर्यंत नेणाऱ्या माणसांच्या रांगेत तुम्हीही उभे राहिलात असे समजा!