क्रियाशीलतेचे माप

शेतात खुरपणीला किती बाया आल्या, एवढ्यावर आमच्याकडे कोणी थांबत नाही. दुपारपर्यंत किती पाती उरकल्या, हे विचारतात. विज्ञानातील ‘क्रियाशीलता’ समजण्यास आम्हा कलाशाखेच्या मंडळींना एवढा दाखला पुरे. पदार्थ किती आहे हा एक प्रश्न, तो ठराविक वेळात किती काम करतो हा दुसरा.

किरणोत्सारी पदार्थाचे ‘काम’ म्हणजे त्याच्या अणुकेंद्रांचे विघटन. १९१० साली ब्रुसेल्सच्या परिषदेत ‘क्यूरी’ हे एकक एक ग्रॅम रेडियमच्या आधारे ठरले. एवढ्या रेडियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३,७०० कोटी केंद्रे विघटित होतात. १९७५ साली ‘बेकरेल’ हे एकक आले : सेकंदाला एक विघटन. आता गंमत पाहा. एक ग्रॅम शुद्ध कोबाल्ट-६० ची क्रियाशीलता सुमारे १,१०० क्यूरी भरते! वजन तेच, परंतु रेडियम निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात, तर कोबाल्ट सव्वापाच वर्षांतच निम्मे होते. म्हणून कर्करोगावरील कोबाल्ट यंत्रात उगमाचे वजन विचारून भागत नाही. सव्वापाच वर्षांनी तेवढीच मात्रा देण्यास रुग्णाला दुप्पट वेळ यंत्राखाली ठेवावे लागते. हा हिशेब चुकला तर एक तर उपचार अपुरा पडेल, नाही तर निरोगी पेशी भाजतील.

मोजणीतही मेख आहे. किरण चहूबाजूंना जातात, गायगर गणकाला त्यांतले थोडेच सापडतात. शिवाय जमिनीतून व आकाशातून येणारे किरणही तो मोजतो. ते वजा करून, आणि यंत्र शेकडा किती किरण पकडते ते पाहूनच खरी क्रियाशीलता काढावी लागते.

एन्झाइमांची, म्हणजे विकरांची, गोष्ट याहून नाजूक. रेडियम बर्फात ठेवा की विस्तवावर, त्याचे विघटन आपल्या गतीनेच चालते. लाळेतील विकर पिष्टाची साखर करते. पण लाळ उकळली की ते काम बंद पडते. प्रथिन तेवढेच, काम शून्य! म्हणून १९६४ साली जे एकक मान्य झाले ते कामाचेच : मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर. १९९९ साली सेकंद आणि मोल यांवर आधारलेल्या ‘कॅटल’ला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तरी दवाखान्यांत जुने ‘युनिट’च अधिक चालते.

यकृताच्या पेशींना इजा झाली की एसजीपीटी हे विकर रक्तात उतरते. तपासणीच्या कागदावर त्याचा आकडा ‘लिटरला इतकी युनिटे’ असा असतो. घरात असा कागद वाचणारे आपणच पहिले असलो, तर सगळे आपल्या तोंडाकडे पाहतात. अशा वेळी ध्यानात ठेवावे की तेच रक्त ३० अंशांवर तपासले तर आकडा कमी येतो, ३७ अंशांवर जास्त. तपासणीची रीत बदलली तरीही तो बदलतो. तेव्हा दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडून आजार वाढला की उतरला हे ठरवू नये. प्रत्येक आकडा त्याच कागदावर छापलेल्या मर्यादेशी ताडावा आणि दोन्ही कागद डॉक्टरांना दाखवावेत.