बिलाचा मागोवा : संगणकातील विलंब व चूक कशी शोधावी

निपाणीहून कोल्हापूरकडे निघालेला माल थोड्याच अंतरावर राज्याची सीमा ओलांडतो. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालास ई-वे बिल लागते. आंतरराज्य वाहतुकीस ही पद्धत १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली. गाडी भरून उभी आहे, हमाल मोकळे झाले आहेत, आणि बिल मात्र निघत नाही, हा प्रसंग आपल्या पेठेस अपरिचित नाही. दोष दुकानातील इंटरनेटचा, सॉफ्टवेअरचा की सरकारी संकेतस्थळाचा? बहुधा प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि तोटा व्यापाऱ्याच्या पदरी पडतो. हा वाद पुराव्याने मिटविता येतो. त्या पुराव्यास ‘ट्रेस’ म्हणतात. त्याचा परिचय आमच्या व्यापारी बंधूंस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या किर्दीत दिवसाचे सर्व व्यवहार आले त्या क्रमाने लिहिले जातात. परंतु एकाच पेढीचा हिशेब पाहावयाचा तर खतावणी उघडावी लागते. सॉफ्टवेअरचा ‘लॉग’ हा किर्दीसारखा, तर ट्रेस हा एकाच मागणीचा आरंभापासून शेवटापर्यंतचा खातेउतारा होय. बिलाचे बटण दाबताच ती मागणी ग्राहक, साठा, कर, ई-वे बिल अशा अनेक विभागांतून फिरते. पहिल्याच दारी तिला एक क्रमांक मिळतो व तो प्रत्येक विभागात तिच्याबरोबर जातो. प्रत्येक टप्प्यास ‘स्पॅन’ म्हणतात. त्यात तो केव्हा सुरू झाला, किती वेळ चालला, त्याला कोणी बोलाविले आणि शेवटी यश आले की चूक झाली, हे नोंदलेले असते.

गूगलने २०१० साली ‘डॅपर’ या आपल्या पद्धतीचा निबंध प्रसिद्ध केला. ट्विटरने २०१२ मध्ये ‘झिपकिन’ व उबरने २०१७ मध्ये ‘येगर’ ही साधने सर्वांस खुली केली. २०१९ साली ‘ओपनटेलिमेट्री’ हा समाईक प्रकल्प उभा राहिला, आणि २०२० साली हा ३२ अक्षरी क्रमांक एका संगणकाने दुसऱ्यास कसा द्यावा याचे प्रमाण ठरले.

आता शोधाची रीत पाहू. प्रथम काळ मर्यादित करावा : तक्रार सकाळी अकराची असेल तर साडेदहा ते साडेअकरा एवढेच ट्रेस घ्यावेत. दुसरे, त्यांतून चुकीचे, अथवा दोन सेकंदांहून अधिक वेळ घेतलेले ट्रेस वेगळे काढावेत. तिसरे, त्यांत समान काय आहे ते पाहावे : एकच शाखा, एकच आवृत्ती की एकच विभाग? चौथे, एक बिघडलेला व एक सुरळीत ट्रेस शेजारी ठेवून ताडून पाहावा. जो टप्पा लांबला तेथे कारणाचा माग लागतो. मात्र वरचा टप्पा खालच्याची वाट पाहत असल्यानेही लांब दिसतो; म्हणून त्याचा स्वतःचा वेळ किती, हे वजाबाकी करून पाहावे.

सरासरीवर विसंबू नये. समजा, १०० बिलांपैकी ९८ बिले ०.२ सेकंदात निघाली आणि दोनांस प्रत्येकी १० सेकंद लागले. सरासरी ०.४ सेकंदाहूनही कमी भरते व सारे आलबेल वाटते. परंतु ती दोन बिले सीमेवर जाणाऱ्या गाड्यांची असतील तर? दुसरे उदाहरण असे : ४० वस्तूंच्या बिलासाठी सॉफ्टवेअर साठ्याच्या नोंदीकडे ४० वेळा जाते व प्रत्येक खेपेस ५० मिलिसेकंद लागतात. एकही खेप संथ नाही, तरी दोन सेकंद गेले. ट्रेसमध्ये एकाखाली एक ४० सारख्या पट्ट्या दिसताच रोग ओळखू येतो. सर्व वस्तू एकाच खेपेत मागविणे हा त्यावरचा उपाय.

या साधनास मर्यादाही आहेत. सरकारी यंत्रणेच्या आत काय घडले हे आपल्या ट्रेसमध्ये दिसत नाही; उत्तरासाठी आपण किती थांबलो, एवढेच कळते. निरनिराळ्या संगणकांच्या घड्याळांत किंचित फरक असतो, म्हणून टप्प्यांचा क्रम कधी उलटा भासतो. खर्च वाचविण्यासाठी सर्व ट्रेस जपले जात नाहीत. डॅपरच्या पहिल्या पद्धतीत १,०२४ मागण्यांतून सरासरी एकच नोंदली जाई. म्हणून चुकीचे व संथ ट्रेस अवश्य राखून ठेवावेत, असे सॉफ्टवेअर पुरविणाऱ्यास आधीच बजावावे. ग्राहकांचे मोबाईल क्रमांक व बँकेचा तपशील ट्रेसमध्ये उतरू नये, हीही अट घालावी. गिऱ्हाइकाची गुप्तता राखणे हा व्यापाराचा जुना धर्म आहे.

आमची सूचना इतकीच : बिल अडले की नेमकी वेळ, बिलाचा क्रमांक व पडद्यावरील संदेश एका वहीत टिपून ठेवावा, आणि सॉफ्टवेअरवाल्याकडे त्या मागणीचा ट्रेस क्रमांक मागावा. ‘सर्व्हर डाऊन होता’ या मोघम उत्तरावर समाधान मानू नये. दमडीचा फरक निघाला तरी मेळ लागेपर्यंत वही न मिटणारे आपण व्यापारी. सेकंदांचा हिशेबही त्याच चोखपणे मागण्याचा आपणांस अधिकार आहे.