वर्गातील मत्स्यपेटी : थव्याने पोहणारे मासे

हिंजवडीच्या मुलांस मुळा नदी परिचित असते. पाण्यातील जीवन मात्र क्वचितच जवळून पाहावयास मिळते. त्यासाठी वर्गात झेब्रा मासे पाळावेत. हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात या माशाचे वर्णन केले आहे. लांबी सुमारे ४ सेंटिमीटर. अंगावर निळे पट्टे.

हा मासा थव्याने राहतो. डोळ्यांनी व अंगावरील पार्श्वरेषेने तो सोबत्यांची हालचाल जाणतो. बरणीत एकटा ठेविल्यास तो बुजतो व त्याची स्वाभाविक चाल दिसत नाही. म्हणून निदान सहा मासे व ६० सेंटिमीटर लांबीची पेटी घ्यावी. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. तो उडी मारतो, यास्तव वर जाळी असावी. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा बदलावा. दोन मिनिटांत संपेल इतकेच अन्न द्यावे.

वर्गात मासे वरचेवर मेले, तर मुले निष्काळजीपणाच शिकतात. यासाठी सुटीतील पाळ्या आधीच ठरवाव्यात. नकोसे झालेले मासे मुळेत सोडू नयेत.

थवा वळताना पुढचा मासा पुढेच राहतो काय? उत्तर न सांगता मुलांकडून निरीक्षण नोंदवून घ्यावे.